विम्बल्डनच्या धर्तीवर

जयवंता,

तुझ्यावर चार ओळी लिहून दे, असं मंडळाने मला सांगितलंय. गेटजवळच्या बोर्डावर लावायला. मंडळात लिहिणारा मीच ना. ठराव मी, नोटीस मी, वार्षिक अहवाल मी, आणि कोणी गेलं की श्रद्धांजलीही मीच. 'हसतमुख' आणि 'मनमिळाऊ' हे दोन शब्द माझ्याकडे कायम तयार असतात. ज्याने आयुष्यभर कोणाशी धड बोलणं केलं नाही, त्यालाही मी ते लावलेत. तुझ्यासाठी वही उघडली, ते दोन शब्द लिहिले आणि पेनाचं टोपण लावलं. दुसऱ्या कोणी लिहिले असते तर खरे ठरले असते. माझ्या हातचे ते मला वाचवेनात. म्हणून हे तुलाच लिहितोय. बोर्डावरचं कोणीतरी दुसरा लिहील.

आपण दोघं गिरणीवाल्यांची पोरं. आपले वडील एकाच खात्यात, एकाच पाळीला. गिरण्या गेल्या तसे दोघंही परळ सोडून चारकोपला सेक्टरच्या बैठ्या घरांत आले, तेव्हा इथे माणसांपेक्षा डास जास्त होते. तू साकीनाक्याला वर्कशॉपमध्ये लेथवर लागलास आणि मी कॉलेजच्या ऑफिसात कारकून. तुझे हात काळे, माझे शाईचे, असं तू म्हणायचास. टेनिस आपल्या घराण्यात कोणी पाहिलंही नव्हतं. पण तुझ्या वर्कशॉपला शहरातल्या एका जिमखान्याचं काम आलं, जाळीचे खांब दुरुस्त करायचं, आणि तिथे गवताचं कोर्ट होतं. तू चपला काढून त्या गवतावर जाऊन उभा राहिलास. माळ्याने तुझा उद्धार केला. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून तू मला फक्त एवढंच सांगितलंस, की देवळातल्या फरशीसारखं थंड लागतं रे पायाला.

तिथून ते खूळ सुरू झालं. त्या जिमखान्यात रॅकेटचं गटिंग करणारा, तिची जाळी विणून देणारा एक म्हातारा होता, त्याच्याकडे तू सुट्टीच्या दिवशी जाऊन बसायचास. गट कसा ओवायचा, किती पौंडावर ताणायचा, गाठ कुठे मारायची, सगळं बघून बघून शिकलास. मग लेथवर भंगारातले भाग कातून स्वतःचं गटिंग मशीन केलंस. वहिनींनी त्याला जागा द्यायला नको म्हणून सहा महिने अबोला धरला, आणि शेवटी ते बाहेरच्या खोलीत खिडकीखाली आलंच. उद्यानामागे गवत-काटे माजलेला एक तुकडा होता. आपण मंडळ काढलं, अर्ज केले, परवानगी आणली. अर्ज मी लिहिले एवढंच. लाल माती तू आणलीस, पाइपात काँक्रीट भरून रोलर तू केलास, आणि दोन उन्हाळे तो रोलर तू ओढलास. लोक त्याला 'जयवंतचं कोर्ट' म्हणायला लागले. मला ते तेव्हाही खुपायचं. हे मी आजपर्यंत कोणालाच सांगितलेलं नाही.

आपला वर्षाचा एक रिवाज होता. पावसाळ्यात मातीचं कोर्ट बंद. जूनमध्ये आपण त्यावर ताडपत्री टाकायचो आणि दसऱ्याला काढायचो. मधल्या काळात सगळे मेंबर रॅकेटी तुझ्याकडे गटिंगला टाकायचे. दसऱ्याला रोलर, जाळी, रॅकेटी सगळ्यांना हळदकुंकू लागायचं, तू रोलरवर नारळ फोडायचास आणि मगच पहिला चेंडू उडायचा. आणि आपलं कोर्ट बंद असायचं नेमक्या त्याच दिवसांत तिकडे विम्बल्डन चालू. मग तू संध्याकाळी माझ्याकडे यायचास. आमचा टीव्ही मोठा, आणि तुझ्याकडे सूनबाईंच्या मालिका. तू मॅच बघायचास कमी आणि गवत बघायचास जास्त. दुसऱ्या आठवड्यात मागच्या रेषेपाशी गवत झिजून माती दिसायला लागली की तुला बरं वाटायचं. म्हणायचास, आता आपल्यासारखं झालं.

मग ते वर्ष आलं. रशियाने युक्रेनवर हल्ला केलेला होता. युद्ध चालू, बातम्यांत पडलेल्या इमारती, आणि चॅनेल बदललं की तेच हिरवं गवत. विम्बल्डनवाल्यांनी रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना खेळायला बंदी केली होती. पहिल्याच दिवशी आपली त्यावरून जुंपली. माझं म्हणणं, बरोबर केलं. देश रणगाडे घालतोय आणि त्यांच्या पोरांनी इकडे स्ट्रॉबेऱ्या खायच्या? तुझं म्हणणं, रणगाडा काय त्या पोराने चालवला? तू चहाचा कप तसाच हातात धरून बसला होतास. त्या देशात जन्मलेले पण दुसऱ्या देशाचा झेंडा घेतलेले खेळाडू खेळत होते, त्यावर तू बोट ठेवलंस. पासपोर्ट बदलला की माणूस धुऊन निघतो काय रे, असं विचारलंस. माझा जावई त्या दिवशी आलेला होता. तो तुझ्या बाजूने हसला आणि म्हणाला, "बाबा, काकांचा पॉइंट आहे." मी आयुष्यभर फायली हाताळल्या, मुद्दे मांडणं हे माझं काम, आणि माझ्याच घरात, माझ्याच जावयासमोर लेथवाला मला हरवून गेला. हे असं मनात आलं होतं, जयवंता. याच शब्दांत आलं होतं. लिहितानाही माझे कान गरम झालेत.

वाद पंधरा दिवस चालला. शेवटच्या दिवशी मॅच संपल्यावर तू माझी रॅकेट गटिंगला घेऊन गेलास. दारात म्हणालास, दसऱ्याच्या आधी देतो, चोपन्नवर करतो, नेहमीसारखी.

दसऱ्याच्या चार दिवस आधी निखिलने ती मारामारी केली. तुझं पोरगं तापट हे सगळ्या सेक्टरला माहीत, आणि नाईकसाहेबांचा पुतण्या आगाऊ हेही. कोर्टाच्या गेटसमोर बाइक कोणी लावायची यावरून शब्दाला शब्द वाढला आणि निखिलने त्याचा दात पाडला. पोलिसांपर्यंत गेलं, मग समजुतीने मिटलं. पण नाईकसाहेब मंडळाचे अध्यक्ष, त्यांच्या घरातला दात पडलेला, त्यामुळे मिटिंग लागली. निखिलला वर्षभर कोर्टबंदी, यावर कोणाचंच दुमत नव्हतं. तिथेच ते संपायला हवं होतं. मग कोणीतरी म्हणालं की बाप रोज सकाळी कोर्टावर असणार, पोरगा त्याच्या मागून येणारच, पुन्हा तमाशा. नाईकसाहेब म्हणाले, "पण बापाला कसं अडवायचं? त्याने काय केलंय?"

ऐकतोयस ना? नाईकसाहेब असं म्हणाले. ज्यांच्या पुतण्याचा दात पडला, ते तुझ्या बाजूने बोलले.

आणि मी, तुझा चाळीस वर्षांचा दोस्त, चष्मा सारखा करून म्हणालो की यात अवघड काही नाही, दाखला आहे. विम्बल्डनने काय केलं? ज्याने युद्ध केलं त्याच्याबरोबर ज्याने केलं नाही त्यालाही बाहेर ठेवलं, कारण प्रश्न स्पर्धेच्या शिस्तीचा होता. एवढी जुनी, एवढी मानाची स्पर्धा हे करते, तर आपण का नाही? कमिटीत विम्बल्डन बघणारा मी एकटाच. बाकीच्यांना कबड्डी कळते. ते माझ्याकडे आदराने बघायला लागले. मी तिथल्या तिथे ठराव लिहिला, एका फटक्यात, खाडाखोड न करता: 'विम्बल्डनच्या धर्तीवर, स्पर्धेची व मंडळाची शिस्त लक्षात घेऊन, संबंधित कुटुंबातील अन्य कोणत्याही व्यक्तीस पुढील ठराव होईपर्यंत कोर्टाच्या आवारात प्रवेश देऊ नये.' खाली सेक्रेटरी म्हणून माझी सही. चारकोपच्या एका मातीच्या कोर्टासाठी विम्बल्डनचा दाखला देणारं आपलं मंडळ जगात एकटंच असेल. मला त्या वाक्याचा अभिमान वाटला होता. घरी येऊन मी ते बायकोला वाचून दाखवलं. ती ऐकून भाजी निवडायला गेली.

पत्र घेऊन मीच आलो तुझ्या दारात. शिपाई नाही ना आपल्याकडे. तू मशीनवर वाकून कोणाची तरी रॅकेट ओवत होतास. चष्मा कपाळावर चढवलास, पत्र लांब धरून वाचलंस आणि आधी हसलास. तुला खरंच वाटलं मी गंमत करतोय. मग माझ्या तोंडाकडे बघून तुझं हसू गेलं.

"हे कोणी सुचवलं, शिरी?"

"कमिटीचा निर्णय आहे," मी म्हणालो. "सगळ्यांनी मिळून. मी नुसता सेक्रेटरी."

तू पत्राची घडी केलीस. बराच वेळ केलीस. मग म्हणालास, "त्या रशियावाल्यांका दुसरीकडे तरी खेळूक गावता रे. माका खय आसा दुसरा कोर्ट?"

एरवी तू माझ्याशी मालवणी बोलायचास ते चिडवायला. त्या दिवशी चिडवत नव्हतास. मी नियम म्हणजे नियम असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो. माझी रॅकेट तुझ्या भिंतीवर टांगलेली दिसली, नवा पांढरा गट घातलेली. ती मागायचं धाडस माझं झालं नाही. तूही दिली नाहीस. त्या दसऱ्याला रोलरवर नारळ मी फोडला. पहिल्या फटक्यात फुटला नाही.

तुला कळलं होतं ना ते वाक्य कोणाचं? कळणारच. विम्बल्डन त्या कमिटीत दुसऱ्या कोणाच्या तोंडी येणार? तू एकदाही तसं बोलून दाखवलं नाहीस. तू भांडायला हवं होतंस. भर चौकात माझी अब्रू काढली असतीस तर मी एक दिवस रडलो असतो आणि मोकळा झालो असतो. तू मला मोकळं केलं नाहीस, याचा कधी कधी रागही यायचा मला. बघ, चोराच्या उलट्या बोंबा.

पुढच्या वर्षी युद्ध तसंच चालू होतं, पण विम्बल्डनने बंदी उठवली. खेळाडूंनी लिहून द्यायचं, आम्ही तटस्थ म्हणून खेळतो, देशाच्या नावाने नाही, आणि खेळायचं. ज्या दिवशी सामने सुरू झाले त्या संध्याकाळी तुझा फोन आला. नऊ महिन्यांनी. मी घाबरतच उचलला. तू एकदम जुन्यासारखा बोललास. "शिरी, बघतोयस ना? सोडलं रे त्यांना. सही घेऊन सोडलं. मग माझी पण सही घे. मी लिहून देतो, माझ्या झिलाच्या मारामारीला माझा पाठिंबा नाही. तटस्थ म्हणून येतो. रोलर ओढायला येतो हवं तर, खेळत नाही."

तू हसत बोलत होतास, पण रोलरचं ते खरं होतं. मी म्हणालो, दसऱ्याच्या आधीच्या मिटिंगमध्ये घेतो. तू म्हणालास, झकास.

मी घेतलं नाही. विषयपत्रिका मीच करतो, जयवंता. तो विषय त्यात घालायला मला एक ओळ लागली असती. का नाही घातला ते सांगतो, आता लपवून काय करायचंय. विषय निघाला असता तर जुना ठराव वाचावा लागला असता. ते वाक्य मोठ्याने वाचलं गेलं असतं आणि कोणीतरी विचारलं असतं की विम्बल्डनने बंदी उठवली, मग आपण का ठेवली, आणि मुळात हे विम्बल्डनचं खूळ काढलं कोणी. लोक हसले असते. मला हसले असते. तेवढ्यासाठी तू बाहेर राहिलास. त्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, आणि त्याच्याही पुढच्या. निखिलची बंदी एका वर्षाने आपोआप संपली. तो येऊन खेळूनही गेला. तुझी 'पुढील ठराव होईपर्यंत' होती. पुढचा ठराव मी होऊच दिला नाही.

तुला टाळायला मी शिकलो. तुझ्या गल्लीतून रिक्षा स्टँडला जाणं सोडलं आणि उद्यानाला वळसा घालून जायला लागलो. मागच्या श्रावणात मार्केटमध्ये तू समोरून येत होतास, हातात पिशवी, चालणं जरा मंदावलेलं. मी पटकन फुलवाल्याकडे वळलो आणि तुझ्याकडे पाठ केली. सोनचाफा विकत घेतला, ज्याचा आमच्या घरी कोणालाच उपयोग नव्हता. तू गेल्याची खात्री होईपर्यंत मी तिथे भाव करत उभा होतो. मला वाटलं तू मला बघितलं नाहीस.

आणि मग मागच्या आठवड्यात सकाळी निखिलचा फोन. बाबा गेले, एवढंच. मी आलो. सगळ्यांच्या मागे उभा राहिलो. खांदा द्यायला कोणीतरी मला पुढे ढकललं, "तुम्ही तर जिगरी ना," असं म्हणून. मी खांदा दिला. तुझं वजन मला लागलंच नाही, एवढा तू झडला होतास, आणि हे मला माहीत नव्हतं.

पाचव्या दिवशी कमिटीची मिटिंग. शोकसभा कोर्टावरच घ्यायची, तुझा मोठा फोटो जाळीपाशी ठेवायचा, हार घालायचे, असं ठरत होतं. सगळे भरभरून बोलत होते. हे कोर्ट जयवंतने उभं केलं, रोलर त्याचा, माती त्याची. माझ्याकडे बघून नाईकसाहेब म्हणाले, "तुम्ही शोकठराव लिहा. तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

मी वही उघडली. मागची पानं चाळली. मग म्हणालो, "फोटो आत नेता येणार नाही."

का म्हणून, कोणीतरी विचारलं.

"त्याला आवारात प्रवेश बंद आहे," मी म्हणालो. "ठराव अजून चालू आहे. मी लिहिला होता. कमिटीने नाही, मी. साहेब, तुम्ही तर बापाला कसं अडवायचं असं विचारत होतात."

ते वाक्य मी मोठ्याने वाचलं. विम्बल्डनच्या धर्तीवर, सगळं, माझ्या सहीपर्यंत. कोणी हसलं नाही. ज्या हसण्याला मी तीन वर्षं भ्यालो ते आलंच नाही. नाईकसाहेबांनी पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, मग आधी तो रद्द करा. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. मी घड्याळ बघितलं, जयवंता. पाच मिनिटं लागली.

बंदी उठल्याचं पत्र मी रीतसर टाईप केलं, तुझ्या नावाने, आणि काल तुझ्याकडे घेऊन आलो. वहिनी एकट्याच होत्या. त्याच दारात, तसाच कागद हातात धरून उभा राहिलो. त्यांनी पत्र वाचलं नाही, घेतलं आणि तुझ्या फोटोपुढे ठेवलं. मी सांगायला सुरुवात केली, की वहिनी, तेव्हाचं ते पत्र मीच... त्यांनी मला पुरं करू दिलं नाही. "ह्यांका म्हायत होता," म्हणाल्या. एवढंच. आवाजात राग नव्हता, आणि मला तो हवा होता.

मग आत जाऊन माझी रॅकेट घेऊन आल्या. गट पांढरा, घट्ट, काल घातल्यासारखा. मी बघत राहिलो तेव्हा म्हणाल्या की दर दसऱ्याच्या आधी तू तो कापून नवा घालायचास. "मी एकदा विचारलं ह्यांना," त्या म्हणाल्या, "कोणी वापरत नाही तर गट का फुकट घालवता?" तर म्हणे तू म्हणालास, पडून पडून सैल पडतो, शिरी कधीही येईल, आला तर सैल रॅकेट देऊ काय त्याला?

दांड्याला तुझ्या सवयीप्रमाणे दोऱ्याने चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या, नाव आणि पौंड. जुनी काढून टाकायचास तू एरवी. या चारही ठेवल्या होत्यास. घरी आल्यावर मी त्या सोडवून टेबलावर ओळीने मांडल्या. शिरी, ५४. शिरी, ५४. शिरी, ५२. चौथी गेल्या दसऱ्याची. शिरी, ४८, आणि खाली तुझ्या तिरक्या अक्षरात एक शब्द जास्त: कोपर.

गट सैल ठेवला की कोपराला झटका कमी बसतो, हे तूच मला शिकवलं होतंस. पण माझं कोपर गेल्या पावसाळ्यापासूनच धरलंय, आणि ते घराबाहेर मी कोणालाही सांगितलेलं नाही. फक्त पट्टा बांधून फिरायचो. त्या दिवशी मार्केटमध्येही उजव्या हाताला तो पट्टा होता, फुलवाल्यासमोर, तुझ्याकडे पाठ करून उभा होतो तेव्हा.